आजीची 'मोरस'

प्रश्न : आमची आजी पांढऱ्या साखरेला 'मोरस' म्हणायची. आम्ही नातवंडं हसायचो. हा शब्द आला कुठून?
— एक वाचक, देवगड

उत्तर : आजीचं बरोबर होतं. मोरस म्हणजे मॉरिशस, हिंदी महासागरातलं बेट. तिथून येणाऱ्या साखरेला बेटाचंच नाव चिकटलं. आमचं किराण्याचं दुकान होतं. माल प्रवरानगरचा असला, तरी आजोबा पांढऱ्या दाणेदार साखरेला मोरसच म्हणायचे.

१८१० साली इंग्रजांनी हे बेट फ्रेंचांकडून घेतलं. मळे मात्र फ्रेंच मालकांकडेच राहिले. १८२५मध्ये तिथल्या साखरेवरची विलायतेतली जकात वेस्ट इंडीजच्या साखरेइतकी उतरवली आणि बेटावर जिकडेतिकडे ऊस झाला. तो तोडायचे गुलाम. १८३५मध्ये गुलामगिरी कायद्यानं संपली, तरी 'उमेदवारी'च्या नावाखाली त्यांना आणखी चार वर्षं राबवलं. भरपाई मिळाली ती मालकांना, सुमारे वीस लाख पौंड! गुलामांना छदाम नाही.

मालकांनी त्याआधीच दुसरी माणसं बघून ठेवली होती. २ नोव्हेंबर १८३४ला 'अ‍ॅटलास' जहाज कलकत्त्याहून ३६ मजूर घेऊन पोर्ट लुईला लागलं. पुढं बहुतेक मजूर बिहार आणि मद्रासकडून गेले. पण मुंबई बंदरातूनही जहाजं सुटली, आणि त्यांत तुमच्याच मुलखातली, रत्नागिरी-सावंतवाडीकडची माणसं होती.

सुरुवातीचा करार पाच वर्षांचा, पगार महिना पाच रुपये, वर तांदूळ-डाळीचा शिधा. कागदावर वाईट दिसत नाही. खरी मेख खाड्यात होती. एक दिवस कामावर आला नाही, की दोन दिवसांचा पगार कापायचे. तापानं फणफणलेल्यानं काय करावं? बरं, करार संपला म्हणून सुटका नव्हती. १८६७च्या कायद्यानं अशा जुन्या मजुरांनाही फोटो लावलेला परवाना जवळ बाळगावा लागे. तो नसला, की पोलिसांच्या लेखी तो भटक्या. ज्या मोरसचं नाव साखरेला चिकटलं, तिथला ऊस तोडणारे आपलेच, हे आमच्या आजोबांना ठाऊक होतं का कोण जाणे. मी कधी विचारलं नाही.

'घरातलं कुणीतरी मोरसला गेलं' असं आजीकडून ऐकलं असेल, तर मॉरिशसमधल्या मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये त्या मजुरांच्या नोंदवह्या आहेत. बापाचं नाव, वय, उंची, जिल्हा, गाव. १८६०नंतरच्या काहींचे फोटोसुद्धा. आडनावावर फार विसंबू नका, कारकुनांनी कानाला लागेल तसं लिहिलंय. गावावरून शोधा.