गाडी चांगली आहे, तरी बदलावीशी वाटते

‘गाडी उत्तम चालते, त्रास काहीच नाही, तरी बदलावीशी वाटते. माझं डोकं ठिकाणावर आहे ना?’ मी समुपदेशक आहे, आणि असा प्रश्न घेऊन माझ्याकडे येणारी माणसं अधूनमधून भेटतात. कधी गाडीच्या जागी घर असतं, कधी नोकरी. त्यातल्या बऱ्याच जणांना सल्ला नकोच असतो. कोणीतरी ‘घ्या’ किंवा ‘नका घेऊ’ म्हणून एकदाचं मोकळं करावं, एवढीच अपेक्षा असते. ते काम मी करत नाही. आणि गाड्यांतलं मला कळतंही बेताचंच. जे काही कळतं, ते ज्यांच्याबद्दल लिहितेय त्या जोडप्यानं शिकवलं. त्यांच्या संमतीनंच लिहितेय, ओळख पटू नये एवढे तपशील बदलून.

नवरा मर्चंट नेव्हीत चीफ इंजिनियर, वय अठ्ठेचाळीस. वाडीत त्यांना सगळे चीफसाहेबच म्हणतात. सहा महिने जहाजावर, मग तीन-चार महिने मालवणजवळच्या गावी. पत्नी शाळेत शिकवतात, म्हणून त्यांना इथं बाई म्हणते. फोन बाईंचा आला होता. ‘गाडीवरून आमचं बोलणं बंद पडलंय. हसू नका.’ मी हसले नाही. घरात बोलणं बंद पडायला गाडीएवढी मोठी वस्तूही लागत नाही.

गाडी म्हणजे स्कोडा ऑक्टाविया आरएस. २०१७ मध्ये ती भारतात आली तेव्हा एक्स-शोरूम किंमत साडेचोवीस लाखांच्या पुढे होती. दोन लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, २३० पीएस ताकद, आपोआप बदलणारा सहा गिअरचा डीएसजी. दिसायला चार दारांची घरगुती सेडान, पाच माणसं बसतात, डिकीत आंब्याच्या पेट्या मावतात, आणि शून्यावरून शंभरला पोचते ६.८ सेकंदांत. चीफसाहेबांनी ती त्याच वर्षाच्या शेवटी घेतली. आता त्यांच्या नजरेत होती २०२० ची आरएस २४५. तशा गाड्या भारतात दोनशेच आल्या, थेट आयात होऊन. पुण्यातली एक विकायला निघाली होती. ताकद २४५ पीएस, गिअर सात, शंभरला पोचायला ६.६ सेकंद.

म्हणजे दोन दशांश सेकंदांवरून दोन माणसं एका घरात आठवडाभर गप्प होती.

पहिल्या भेटीला चीफसाहेब एक्सेलचे छापील कागद घेऊन आले. इंजिन रूममध्ये आयुष्य गेलेला माणूस, तक्ता नीटनेटकाच असणार. धुराच्या नियमांनुसार जुनी गाडी बीएस-४, पुण्याची बीएस-६. पेट्रोल आता ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं, जुन्या गाडीच्या रबरी नळ्यांचं आणि सीलचं काय? विम्याची आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत, दरवर्षी खाली येतेय. टायर जवळजवळ संपलेत, सस्पेन्शनमध्ये आवाज आहे. आणि सगळ्यांत खाली, ठळक अक्षरांत, ‘फॅमिली सेफ्टी’.

बाईंनी कागद उलटसुलट पाहिले आणि शांतपणे म्हणाल्या, ‘यात ‘मला आवडली’ हा कॉलमच नाही.’

चीफसाहेबांना ते लागलं. पण गाठ नेमकी तिथंच होती. ते जे सांगत होते त्यातलं बरंचसं खरं होतं, आणि खरं कारण मात्र त्यात नव्हतं. ई-२० चा प्रश्न घ्या. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला आपल्या मॉडेलबद्दल लेखी विचारलं की उत्तर मिळतं. ते त्यांनी विचारलंच नव्हतं, कारण ‘काही हरकत नाही’ असं उत्तर आलं असतं तर तक्त्यातली एक ओळ कमी झाली असती. टायर झिजले तर टायर बदलतात, गाडी नाही. एअरबॅग, गाडी घसरू न देणारी ईएससी, सगळं जुन्या गाडीतही होतंच. नवीन वस्तू हवीशी वाटली की माणूस जुनीत खोट काढायला लागतो, हे मी फार पाहते. खोट काढता काढता ती त्याला स्वतःलाच पटते, आणि मग आठ वर्षं लाडाकोडात ठेवलेल्या गाडीचा रोज उठून पाणउतारा सुरू होतो. घरच्यांना हे लगेच कळतं. बाईंचा राग खर्चावर होता असं मलाही आधी वाटलं होतं. पुढे त्याच म्हणाल्या, ‘हौस म्हणाले असते तर मी भांडले असते आणि विषय संपला असता. पण आमच्या सेफ्टीसाठी घेतोय म्हणतात, म्हणजे नाही म्हटलं तर मी मुलांच्या जिवावर उठले.’

दुसऱ्या भेटीत मी बाईंना एवढंच विचारलं, की साहेब जहाजावर असताना गाडीचं कोण बघतं?

पुढचा बराच वेळ चीफसाहेबांना बोलायला जागाच मिळाली नाही. गाडी घरापर्यंत जात नाही. पाणंदीत चिऱ्याच्या पायऱ्या आणि वर आलेले दगड, आरएस मुळातच जमिनीलगत. म्हणून ती रस्त्याला लागून असलेल्या पत्र्याच्या पडवीत उभी असते. दर रविवारी बाई जाऊन इंजिन चालू करतात, नाहीतर बॅटरी उतरते. खारा वारा आहे म्हणून पावसाळ्याआधी खालचा भाग धुऊन अँटिरस्टचा हात मारून घ्यावा लागतो, त्याला गाडी कुडाळला न्यायची. मोठी सर्व्हिस म्हणजे गोवा नाहीतर कोल्हापूर, अख्खा दिवस जातो. आणि पावसाळा! जूनमध्ये काचा बंद केल्या की जुलैत सीटच्या शिवणींतून पांढरी बुरशी उगवते. बाई सुक्या फडक्यानं एकेक शिवण पुसतात, आत कोळशाची पुरचुंडी ठेवतात. बॉनेटखाली उंदीर वायरी कुरतडतात म्हणून तंबाखूची पानं आणि डांबरगोळ्या. एकदा सगळं करून त्या घरी परतल्या आणि रात्री व्हिडिओ कॉलवर नवऱ्यानं पहिला प्रश्न विचारला, ‘टायरमधली हवा बघितलीस ना?’

‘मी कशी आहे ते नंतर,’ बाई म्हणाल्या.

चीफसाहेब खिडकीकडे बघत बसले. मी तो विषय तिथंच राहू दिला. सगळंच उलगडून सांगायची गरज नसते.

अशा वेळी मी एक युक्ती वापरते, ती कोणालाही घरी करता येईल. ‘जुनी द्यावी का’ आणि ‘नवी घ्यावी का’ हे दोन प्रश्न आपण एकाच दमात विचारतो. ते आधी वेगळे करायचे. मी चीफसाहेबांना म्हटलं, ‘समजा तुमची गाडी उद्या सकाळी पडवीत नाहीये. योग्य किंमत तुमच्या खात्यात जमा आहे. आता त्या पैशांचं काय कराल? हीच परत घ्याल, पुण्याची घ्याल, की तिसरंच काही?’

मला वाटलं होतं, पुण्याचीच म्हणतील. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, ‘बाबांना चढता-उतरता येईल अशी एखादी उंच गाडी घेईन.’

वडील पंच्याऐंशीचे, गुडघे गेलेले. आरएसच्या सीटवरून उठायला दोघांचा आधार लागतो. मुलगा घरी आला की गाडीत बसायचं टाळतात. गाडी बदलायचं कानावर गेलं तेव्हा म्हणाले होते, ‘चलता मा ती? मगे बदलूची कित्याक?’ (चालतेय ना ती? मग बदलायची कशाला?) चीफसाहेबांना तो जुन्या पिढीचा काटकसरीपणा वाटला होता. आता विचारलं तेव्हा कळलं, एक खाली वाकवणारी गाडी जाऊन दुसरी तशीच येणार असेल तर म्हाताऱ्याला त्यात काय मिळणार होतं?

याच भेटीत किमतीचा विषय निघाला. आपली जुनी गाडी ते ज्या किमतीला देऊ म्हणत होते, ती बाजारापेक्षा बरीच वर होती. दोन डीलरांनी तसं तोंडावर सांगितलं होतं, साहेबांच्या मते दोघंही चोर. डॅनियल कानमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर या संशोधकांचा १९९० मध्ये प्रसिद्ध झालेला कॉफीच्या मगांचा प्रयोग मी त्यांना सांगितला. ज्यांना मग दिले होते ते विकताना साधारण सात डॉलर मागत होते, ज्यांच्याकडे नव्हते ते तोच मग घ्यायला तीनच्या आसपास द्यायला तयार होते. वस्तू तीच, फक्त कोणाच्या हातात आहे एवढाच फरक. साहेब हसले. पण एकच माणूस ज्या गाडीला पाहुण्यांसमोर नावं ठेवतो तिचीच किंमत गिऱ्हाइकासमोर चढवून सांगतो, हे त्यांना जरा विचित्र वाटलं. मला नाही वाटलं. गाडीवर जीव होता, ते लपत नव्हतं.

मग हा सगळा खटाटोप कशासाठी? ते तिसऱ्या भेटीत आलं, तेही बोलण्याच्या ओघात. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी ऑक्टाविया आरएस आली. भारतासाठी शंभरच गाड्या, २६५ पीएस, एक्स-शोरूम किंमत ४९.९९ लाख. बुकिंग ६ ऑक्टोबरला उघडलं आणि बघता बघता संपलं. चीफसाहेब तेव्हा भर समुद्रात, नेट धड नाही, घरी विचारावं तर बाई ‘एवढे पैसे?’ म्हणणार हे ठरलेलं. दोन दिवस विचार केला, तोवर खेळ आटोपला होता. जहाजावरच्या एका सहकाऱ्याच्या भावाला मिळाली, त्यानं फोटो पाठवले. तेव्हापासून रात्री काम संपलं की जुन्या आरएस शोधणं सुरू.

‘आता इलेक्ट्रिकचा जमाना. अशी पेट्रोल सेडान पुन्हा येणार नाही,’ ते म्हणाले. ‘आणि माझी तरी किती काँट्रॅक्ट्स उरलीत? पाठ बोलायला लागलीय.’

हे वाक्य तीन पानी तक्त्यात कुठंही नव्हतं.

पुण्याची गाडी त्यांना मुळात हवीच नव्हती. हुकलेल्या गाडीची ती भरपाई होती. ‘आता नाही तर कधीच नाही’ असं मन म्हणायला लागलं की मी माणसाला थांबवते, कारण शंभरच गाड्या आणायच्या आणि काही दिवसांत बुकिंग संपवायचं यामागचा हिशोबच मुळी तुमच्या मनात ते वाक्य उठावं असा असतो. त्यात लबाडी आहे असं नाही, धंदा आहे. पण तो हिशोब त्यांचा, आपल्या घरचा नाही.

आमच्याकडे जहाजावरची माणसं पुष्कळ, म्हणून एक गोष्ट आवर्जून लिहिते. साइन ऑफ होऊन, म्हणजे जहाजावरचं काँट्रॅक्ट संपवून, घरी आल्यावर पहिल्या महिन्यात मोठी खरेदी करू नका. सहा महिने साठलेली भूक असते, खात्यात रक्कम दिसते, आणि काँट्रॅक्टवर असणाऱ्या बऱ्याच जणांना सुट्टीत पगार नसतो हे डोक्यात असूनही मनात नसतं. पुढचं जहाज लांबलं की तीच रक्कम घर चालवते. बाईंना ती धास्ती होती. दोन वर्षांपूर्वी एकदा बोलावणं अडीच महिने उशिरा आलं होतं, तेव्हा घर त्यांच्या पगारावर चाललं.

शेवटी ठरलं ते असं. दोघांनी मिळून पुण्याला जायचं, गाडी चालवायची, पैशांचं अवाक्षर काढायचं नाही आणि त्या दिवशी काहीही ठरवायचं नाही. वाटेत साहेबांनी एकदा तरी ‘मला ती हवी आहे’ असं साध्या शब्दांत बाईंना सांगायचं, कारणं न जोडता. ते त्यांनी गगनबावड्याच्या घाटात सांगितलं म्हणे. बाई म्हणाल्या, ‘माहितीये.’ एवढंच.

गाडी चालवून आल्यावर चीफसाहेबांचा फोन आला. ‘चांगली आहे हो. पण माझीच आहे, जरा ताजी.’ स्टिअरिंग तेच, बसायची उंची तीच. जो फरक होता तो कळायला त्यांना मोकळा रस्ता लागणार होता, आणि त्यांच्या वाट्याला येतो मालवण-कुडाळ रस्ता, वळणावर म्हशी आणि समोरून एसटी.

ती गाडी त्यांनी घेतली नाही. जुनीला चार नवे टायर, सस्पेन्शनचं काम आणि पत्र्याच्या पडवीऐवजी तिन्ही बाजूंनी बंद, वारा खेळेल अशी शेड. पावसाळ्यातली देखभाल आता वाडीतला एक गॅरेजवाला मुलगा करतो, त्याचे पैसे साहेब जहाजावरून पाठवतात. बाईंचे रविवार सुटले. वडिलांसाठी उंच गाडी बघायचं चाललंय, सेकंडहँड, घाई नाही.

प्रत्येकाचं असंच होतं असं समजू नका. वेंगुर्ल्याच्या एका काजू कारखानदारांनी हाच ‘पडवीत गाडी नाही’ वाला प्रश्न स्वतःला विचारला, क्षणाचाही विलंब न लावता ‘नवीच’ म्हणाले आणि आठवडाभरात घेऊन आले. बायकोला आधी सांगितलं होतं, कर्ज नव्हतं, जुनीला नावं ठेवली नव्हती. माझ्याकडे ते पेढे द्यायला आले होते. अशांना समुपदेशक कशाला हवा?

चीफसाहेब परवा पुन्हा जहाजावर गेले. जायच्या आदल्या दिवशी दोघं येऊन गेली. साहेब म्हणाले, विषय संपला. बाई म्हणाल्या, संपला कसला, पुढच्या सुट्टीत परत निघणार, मी आत्ताच सांगून ठेवलंय की यायचं ते ‘हवी आहे’ इथपासून सुरू करून, तक्ता बोटीवरच ठेवून.