भाचीच्या लग्नात पाच हजारांचं गिफ्ट कार्ड द्यावं की रोख?

रोखच द्या. पण हॉलवर देऊ नका, त्याचं कारण पुढे सांगते.

आधी कार्डाचं. माझी आई निवृत्त झाली तेव्हा ऑफिसातल्या लोकांनी तिला कपड्यांच्या एका दुकानाचं दोन हजारांचं कार्ड दिलं. आई डोंबिवलीहून दादरला आली, तासभर बघून एक साडी पसंत केली, आणि बिल करताना कळलं की कार्ड फक्त ऑनलाइन चालतं. उलगडलेल्या साड्यांच्या घड्या घालणाऱ्या मुलीला आई म्हणत राहिली, "तुला उगाच त्रास झाला गं." शेवटी मी घरून १,७६० रुपयांचं काहीतरी मागवलं. उरलेले २४० मुदत संपून गेले.

कार्डच द्यायचं असेल तर बँकेचं घ्या, ते बऱ्याच दुकानांत चालतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे त्यात जास्तीत जास्त १०,००० रुपये भरता येतात आणि मुदत निदान एक वर्षाची असते. मात्र त्यातून रोख काढता येत नाही, पुन्हा पैसेही भरता येत नाहीत. दुकानाच्या स्वतःच्या कार्डाला हे नियम लागू नाहीत, तिथे दुकानाच्या अटी. बारीक अक्षरातल्या, त्या आधी वाचा. ऑफिसातल्या सहकाऱ्याला वगैरे कार्ड ठीक आहे, तिथे हातावर नोटा ठेवताना अवघडल्यासारखं होतं. भाचीशी तुमचं तसं नातं नाही.

आता रोख. स्टेजवर दिलेलं पाकीट नवरीच्या हातात फोटोपुरतंच असतं. मग ते पिशवीत जातं, काका वहीत नाव आणि आकडा लिहितात, आणि केटररचा हिशेब बऱ्याचदा त्यातूनच चुकता होतो. माझ्या लग्नात तसंच झालं आणि मला त्यात काही गैर वाटत नाही. लग्नघराचा भार हलका व्हावा म्हणूनच तर आहेर करतात. तेव्हा स्टेजवर पाचशे एक द्या, रीत सांभाळली जाईल.

बाकीचे केळवणाला द्या. माझ्या मामीने औक्षण झाल्यावर पाकीट हातात ठेवलं आणि कानात म्हणाली, "हे फक्त तुझे. घरी दाखवायचे नाहीत." लग्नानंतर मी बदलापूरला राहायला गेले. पंधरा दिवस सेकंड क्लासच्या गर्दीत लोंबकळत सीएसएमटी गाठल्यावर मामीच्या पैशांतून फर्स्ट क्लासचा तीन महिन्यांचा पास काढला. मला काय लागणार आहे हे तेव्हा मामीला ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं. कुठल्या दुकानाच्या कार्डावर तो पास मिळाला असता?

केळवणाची तारीख ठरली नसेल तर आजच भाचीला फोन करा. लग्नाआधीचे तिचे रविवार भराभर भरतात.