आधारचा ओटीपी दिल्यावरही बँक व्हिडिओ कॉल का मागते?

तुमचा प्रश्न असा आहे: आधारचा ओटीपी टाकून खातं पाच मिनिटांत उघडलं, मग आता व्हिडिओ केवायसीचे, म्हणजे व्हिडिओ कॉलवर ओळख पटवून देण्याचे, मेसेज कशाला, आणि नाही केलं तर काय होईल? मी इंदूरला एका बँकेत हेच कॉल घेतो, म्हणून उत्तर देतोय.

ओटीपीवरून बँकेला एवढंच कळतं की आधारला जोडलेला मोबाइल ज्याच्या हातात आहे त्याने होकार दिला. मोबाइल आजोबांचा आणि बोट नातवाचं, असंही असू शकतं. त्यामुळे नुसत्या ओटीपीवर उघडलेल्या खात्याला रिझर्व्ह बँकेने लगाम घातलेला आहे. शिल्लक १ लाखाच्या वर जाता कामा नये, आर्थिक वर्षात एकूण जमा २ लाखांच्या वर नको, आणि वर्षभरात पूर्ण केवायसी झालं नाही तर खातं बंद. पगार या खात्यात येणार असेल तर मर्यादा कधी संपली ते कळणारही नाही.

व्हिडिओ केवायसीला परवानगी मिळाली जानेवारी २०२० मध्ये. पलीकडे बँकेचाच प्रशिक्षित कर्मचारी असावा लागतो, हे काम बाहेरच्या एजंटला देता येत नाही. मी तुमचा चेहरा आधारवरच्या आणि पॅनवरच्या फोटोशी ताडून बघतो, पॅनचा नंबर आयकर खात्याच्या नोंदीशी जुळतो का ते तपासलं जातं, आणि तुम्ही भारतातच आहात ना हे लोकेशनवरून कळतं. इथल्याच विजय नगरच्या ऑफिसात बसून कुणी कंपनीच्या लॅपटॉपवरून, व्हीपीएन (इंटरनेट दुसऱ्या ठिकाणाहून वळवणारी सोय) चालू ठेवून कॉल लावतो आणि आम्हाला तो सिंगापूरचा दिसतो. झालं, कॉल बाद. पॅनकार्ड दाखवणार असाल तर ते मूळ हवं. ई-पॅनची प्रिंट काढून कॅमेऱ्यासमोर धरलेली चालत नाही, याची बऱ्याच जणांना कल्पनाच नसते.

प्रश्नांचा क्रम मुद्दाम बदलता ठेवतात, म्हणजे आधी रेकॉर्ड केलेला व्हिडिओ कुणी लावून देऊ शकत नाही. आणि इथेच आपल्या घरांची खरी पंचाईत होते. आजी छान पदर सावरून बसलेल्या असतात, मी जन्मतारीख विचारतो, आणि फ्रेमच्या बाहेरून सूनबाई कुजबुजतात, “आई, बासष्ट सांगा, बासष्ट!” मागून कुणी उत्तर पुरवताना दिसलं तर अर्ज नाकारायचा, असा स्पष्ट नियम आहे. मला वाईट वाटतं, पण इलाज नाही. कारण धमकावून किंवा फूस लावून खातं उघडून घेणारी माणसंही अशीच फ्रेमबाहेर उभी असतात.

दुसरा घोळ नावाचा, आधार आणि पॅनवरची नावं जुळत नाहीत. इकडे मध्य प्रदेशात शाळेच्या दाखल्यावर बहुधा नुसतं नाव-आडनाव लिहितात, तर आपली मराठी मंडळी पॅनवर वडिलांचं नाव मधे घालतात. लग्नानंतर आधार सासरच्या आडनावाने आणि पॅन माहेरच्या, हे तर घरोघरी. कॉल करण्याआधी दोन्हीतलं एक दुरुस्त करून घ्या.

पापण्या मिटा, मान वळवा, असं ॲप सांगतं ते समोर जिवंत माणूस आहे की फोटो, हे ओळखायला. ॲसिड हल्ल्यात डोळे गेलेल्यांना ते जमत नव्हतं. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्यासाठी इतर मार्ग ठेवायला सांगितलं. हे खरं तर पहिल्या दिवसापासून हवं होतं.

कॉल संपल्याबरोबर खातं पूर्ण झालं असं समजू नका. रेकॉर्डिंग दुसरा माणूस तपासतो, मगच ते पुढे सरकतं. मधेच नेट गेलं तर अख्खा कॉल पुन्हा करावा लागतो.

आलेल्या मेसेजमधल्या लिंकवर मात्र टिचकी मारू नका. बँकेचं ॲप स्वतः उघडा आणि कॉल तिथूनच सुरू करा. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ कॉल करून कुणी एटीएमचा पिन किंवा कार्डामागचे तीन आकडे विचारले, तर फोन ठेवून द्या. केवायसीला त्यातलं काहीच लागत नाही. आणि कॅमेऱ्यासमोर बसायचा कंटाळा असेल तर आधार-पॅन घेऊन शाखेत जा, तिथेही हेच काम होतं.