म्हातारेच असतात म्हणतोस, तर ऐक

राम राम लेका,

तुझा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. सुट्टी मोजून महिनाभर, त्यात स्लॅबचं काम, बहिणीची सोयरीक, आणि वरून मी मागं लागलोय की बेळगावला आपल्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या माजी सैनिकांच्या मेळाव्याला चल. तर तू म्हणतोस काका तिथं सगळे म्हातारेच असतात, शाल, श्रीफळ, भाषणं, जेवण आणि परत एसटी, मी अजून सर्व्हिसला आहे माझं काय काम. खोटं नाही बोललास. मी नाईक होतो तेव्हा हेच म्हणायचो, पेन्शन आल्यावर पण चार-पाच वर्षं फिरकलो नाही.

मग 2018 ला गेलो, रेजिमेंटला 250 वर्षं झाली म्हणून, आणि तेही बायकोनं ढकललं म्हणून. तिथं जेवणाच्या लाइनीत आमच्या कंपनीचा एकजण भेटला, म्हणाला अमक्याचं कळलं का तुला? अमका म्हणजे माझ्या शेजारच्या खाटेवरचा, नऊ वर्षं एका बॅरकीत काढलेली. हार्ट अटॅकनं गेला, त्याला चौदा महिने झालेले, आणि वहिनींना एक रुपया फॅमिली पेन्शन चालू नाही. का, तर लग्न झालं तेव्हा पार्ट टू ऑर्डरमध्ये, म्हणजे पलटणीनं केलेल्या लग्नाच्या नोंदीत, माहेरचं नाव पडलेलं, आधारवर सासरचं, जन्मतारीख तिसरीच. बँकवाले म्हणतात तिकडं जा, तिकडचे म्हणतात रेकॉर्ड ऑफिसला, जवानांच्या नोंदी ठेवणाऱ्या रेजिमेंटच्या ऑफिसला, लिहा, आणि त्या माउलीला रेकॉर्ड ऑफिस म्हणजे काय हेच माहीत नाही कारण ह्या पठ्ठ्यानं तिला एकदाही पलटणीच्या कुठल्या कार्यक्रमाला नेलं नव्हतं. त्याच्या ट्रंकेत कागद होते सगळे, डिस्चार्ज बुक, पीपीओ म्हणजे पेन्शनची ऑर्डर, पण कुठला कागद कशाचा ते तो एकटाच जाणत होता. वहिनींकडं पलटणीची ओळख म्हणून काय होतं सांगू? भिंतीवरचा ग्रुप फोटो. त्यात मी पण उभा आहे मागच्या रांगेत, पण फोन नंबर काय फोटोवर लिहिलेला नसतो.

आमच्यात एक रिटायर्ड क्लार्क हवालदार आहे, एरवी फार किरकिरा माणूस, चहात साखर कमी पडली तरी तक्रार करणार. त्यानं प्लेट खाली ठेवली आणि तिथंच एका कागदाच्या मागं लिहून काढलं, अफिडेव्हिट असं, ग्रामसेवकाचा दाखला असा, अर्ज जिल्हा सैनिक कल्याण ऑफिसमधून पुढं जाऊ दे, एक कॉपी रेकॉर्डला. पुढं साडेतीन महिन्यांत पेन्शन चालू झाली, मागची थकबाकी पण आली. कुठलंही आंदोलन नाही, मंत्री नाही. जेवणाच्या लाइनीत गप्पा झाल्या म्हणून झालं, एवढंच.

म्हणून तुला सर्व्हिसला असतानाच ये म्हणतोय. तुझं लग्न दोन वर्षांपूर्वी झालं, तिचं नाव रेकॉर्डला कसं पडलंय बघितलंस का? नसशील बघितलं. आता कंपनी क्लार्कला सांगून हे दोन-चार आठवड्यांचं काम आहे, पेन्शन आल्यावर तेच करायला चपला झिजतात. आणि येताना तिला पण आण. तिला चार बायका भेटू देत, त्यांचे नंबर तिच्या मोबाईलमध्ये असू देत, तुझ्या नव्हे.

आता तू म्हणशील काका तुम्ही फक्त कागदाचंच बोलताय. तर दुसरं ऐक. त्याच वर्षी जंगी पलटणीचे, म्हणजे पहिल्या मराठा बटालियनचे, एक बाबा शेजारी बसले होते, 71 च्या लढाईत आताच्या बांगलादेशातल्या जमालपूरला होते. तिथली ती चिठ्ठीची गोष्ट तुला ट्रेनिंगला सांगितली असेलच, आपल्या बाजूनं शरण या म्हणून कळवलं आणि पाकिस्तानी कर्नलनं उत्तराच्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली. मला वाटलं बाबा तेच सांगणार. ते म्हणाले, त्या रात्री माझे मोजे ओले होते आणि जोडीदारानं त्याची कोरडी जोडी मला दिली, सकाळी परत द्यायची होती. एवढं बोलून गप्प झाले. पुढं काय झालं कुणी विचारलं नाही, आम्हा सगळ्यांना कळलं. त्यांचा मुलगा, पन्नाशीचा शिक्षक माणूस, म्हणाला मी हे आज पहिल्यांदा ऐकतोय. घरात कुणाला सांगणार, घरच्यांना मोजे म्हणजे मोजे.

सगळं छान छान असतं असं नाही हां. खुर्चीवरून भांडणं होतात, पहिल्या रांगेत साहेब लोक आणि मागं जवान हे पेन्शन आल्यावर पण सुटत नाही, आणि इलेक्शन आलं की कुणीतरी माजी सैनिकांच्या नावानं बॅनर घेऊन उभाच. त्यापासून लांब राहा. सर्व्हिसमधल्या माणसाला युनियन आणि राजकीय संघटना आर्मी अ‍ॅक्टनंच बंद आहेत, ते तुला माहीत आहे. मी बोलतोय ते आपल्या रेजिमेंटच्या असोसिएशनबद्दल. पलटणीच्या व्हॉट्सअप ग्रुपवर पण सांभाळून, युनिट कुठं आहे, कधी हलणार, असलं चुकून पण टाकू नको, आणि पेन्शन वाढवून देतो म्हणून ओटीपी मागणारा स्वतःला सुभेदार मेजर म्हणवत असला तरी फोन ठेव.

आणि एक, तुझ्या सेक्शनमध्ये आता अग्निवीर पोरं आहेत ना? 2022 च्या स्कीमनं आलेली, चार वर्षांनी त्यातली शंभरातली पंचवीसच राहणार. बाकीच्यांना पेन्शन नाही, स्कीममध्ये माजी सैनिकाचा दर्जा पण धरलेला नाही. ती पोरं पण आपल्याबरोबर तोंड फुटेस्तोवर बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय ओरडलीत, 4 फेब्रुवारीला कोंढाण्याच्या आठवणीत मराठा डे त्यांनी पण केलाय. आमच्यातले काही जण म्हणतात त्यांना कशाला बोलवायचं. मला ते पटत नाही, गेल्या मीटिंगला यावरून माझं भांडण झालं. पण माझ्यासारख्या पेन्शनरानं ओरडून उपयोग नाही, त्यांच्याबरोबर पोस्टवर उभं राहिलेल्या कुणीतरी तिथं उठून बोललं पाहिजे. जास्त नाही, दोन मिनिटं बोल.

शनिवारी पहाटेची गाडी आहे. तीन सीट धरून ठेवतोय, तुम्ही दोघं आणि मी, पैसे नंतर दे. तुझी काकू म्हणतेय कुंदा आणल्याशिवाय परत येऊ नका, तेव्हा पिशवी रिकामी घेऊन ये.

तुझा काका