भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याला वीजबिलातली सरकारी सवलत मिळते का?

तुमचा प्रश्न असा, की कोकणात लोटे गावी कंपनीत कामाला आहात, चार खोल्यांच्या चाळीत राहता, मीटर एकच आणि तेही मालकाच्या नावावर, मालक युनिटला १२ रुपये घेतो. इंग्लंडात २०२२ साली सरकारने घरमालकांना वीजबिलाची मदत भाडेकरूंपर्यंत पोचवायला लावली असं वाचलंत, मग आपल्याकडे काय?

तिकडचं वाचलंत ते खरं आहे. ऑक्टोबर २०२२ ते मार्च २०२३ या सहा महिन्यांत प्रत्येक घरगुती वीजजोडणीला मिळून ४०० पौंड मिळाले. बिल मालकाच्या नावावर असेल, तर त्याने भाडेकरूचा रास्त वाटा द्यायचा, ३० दिवसांत तसं कळवायचं, आणि नाही दिला तर भाडेकरू ते पैसे येणं म्हणून कोर्टात मागू शकतो, असा नियम केला. आपल्याकडे विजेची मदत अशी रोख येत नाही. ती दराच्या टप्प्यात असते, म्हणून भाडेकरूच्या हातून कधी निसटते ते त्याला कळतही नाही.

मी स्वतः त्याच भागात नऊ वर्षं भाड्याने राहिले. आम्हीही मालकाच्या नावाने बोटं मोडायचो. मग एकदा बिल हातात घेतलं आणि हिशोब मांडला. तोच तुम्हाला मांडून दाखवते.

महावितरणच्या २०२४-२५ च्या दरात पहिल्या १०० युनिटला वीज आकार ४.७१ रुपये होता, १०१ ते ३०० ला १०.२९. दुपटीहून जास्त! १०० च्या आतलं स्वस्त, हीच खरी सवलत. चार खोल्यांत प्रत्येकी ६५ युनिट धरा. एका मीटरवर झाले २६०. स्वस्तातले १०० चौघांत वाटले जातात आणि उरलेले १६० वरच्या दराने लागतात. त्यात वहन आकार (वीज घरापर्यंत आणण्याचा), स्थिर आकार (युनिट कितीही असोत, दर महिन्याला ठरलेला) आणि १६ टक्के वीज शुल्क धरलं, की युनिट अकरा-साडेअकराला पडतं. म्हणजे तुमचा मालक १२ घेऊन फार काही कमावत नाहीये. भांडायला जाण्याआधी हे लक्षात घ्या. तुमचं स्वतःचं मीटर असतं, तर स्थिर आकार एकट्याने भरूनही ६५ युनिटचं बिल ६०० च्या आसपास आलं असतं. आज तुम्ही ७८० देता.

म्हणून माझं उत्तर एकच: स्वतःच्या नावाने मीटर घ्या.

आम्ही इथेच दोन वर्षं वाया घालवली. मालक चाकरमानी, गणपतीला येणार, तेव्हा सही घेऊ. पहिल्या वर्षी गणपतीत म्हणाले, बघू. दुसऱ्या वर्षी कळलं की बिल त्यांच्या वारलेल्या वडिलांच्याच नावावर आहे. कोकणात हे घरोघरी आहे, सातबारावरही पणजोबाच असतात. मालकाचं ना-हरकत पत्र असल्याशिवाय काही होणारच नाही, असं आम्ही धरून चाललो होतो. ते चुकीचं होतं. वीज कायदा २००३ चं कलम ४३ ‘मालक किंवा भोगवटादार’ असं म्हणतं. जागेत राहणाऱ्यालाही जोडणी मागता येते. १३ मे २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं, की मालक ना-हरकत देत नाही म्हणून भाडेकरूला वीज नाकारता येणार नाही; अर्जदार त्या जागेत राहतो का, एवढंच बघायचं. तेव्हा नोंदणी केलेला भाडेकरार आणि ओळखपत्र जवळ ठेवा. करार नोंदवणं ही महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे मालकाची जबाबदारी आहे.

मालकाची भीती वेगळीच असते: मीटर नावावर झालं की खोली गेली. तिच्यावर चिडू नका. नोंदणी केलेल्या करारात मुदत लिहिलेली असते, ती त्यांना दाखवा. खोली सोडताना शेवटचं बिल चुकतं करून महावितरणकडची अनामत परत घेईन, असंही लिहून द्या. आमचे मालक यावरच तयार झाले, तेही फोनवर.

गॅसचं सोपं आहे, कारण गॅस माणसाच्या नावाने चालतो, खोलीच्या नाही. घरात कुणाच्याच नावावर जोडणी नसेल आणि उत्पन्न कमी असेल, तर बायकोच्या नावाने उज्ज्वला या केंद्राच्या गॅसजोडणी योजनेचा अर्ज करा. ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला २.० मध्ये बाहेरून कामाला आलेल्यांना पत्त्यासाठी स्वघोषणापत्र चालतं, मालकाचा कागद लागत नाही. सिलिंडरमागे ३०० रुपये थेट तिच्या खात्यात येतात. राज्याची अन्नपूर्णा योजना २०२४ मध्ये आली, वर्षाला तीन सिलिंडर मोफत, पण जोडणी बाईच्याच नावावर हवी. आमच्या चाळीत दोघींच्या जोडण्या नवऱ्यांच्या नावावर होत्या, त्या मी स्वतः एजन्सीत बसून बदलून घेतल्या.

छतावरच्या सौरपॅनलला मात्र छत लागतं, आणि ते मालकाचं. त्याच्या मागे आत्ता लागू नका.

मालकाकडून मागच्या बिलाचा फोटो मागवा. एकूण युनिट आणि खोल्या किती ते इथे लिहा, तुमचा नेमका हिशोब मी करून देते.