‘दातात दात’ निघालाय: रूट कॅनाल करायचं की दात काढून टाकायचा?

तुमच्या नऊ वर्षांच्या मुलाचा वरचा दात, पुढच्या दोन मोठ्या दातांच्या शेजारचा. कीड नाही, कधी मार लागलेला नाही, तरी वरच्या हिरडीवर पुटकुळी येते, फुटते, पुन्हा येते. एक्स-रे पाहून एका डॉक्टरांनी ‘दातात दात आहे, रूट कॅनाल करू’ असं सांगितलं, दुसऱ्यांनी दात काढायला सांगितलं. माझं मत असं की दात काढायची घाई नको आणि सरसकट रूट कॅनालचीही नको. आधी दोन गोष्टी पक्क्या होऊ द्या: आतली घडी कुठपर्यंत गेली आहे आणि दाताची नस जिवंत आहे का.

याला डेन्स इनव्हॅजिनेटस म्हणतात. दात हिरडीच्या आत घडत असताना, कडक व्हायच्या आधी, इनॅमल (दाताचं बाहेरचं कडक कवच) तयार करणारा थर आतल्या बाजूला दुमडतो. दात बाहेर येतो तेव्हा जिभेकडच्या बाजूला एक बारीक खळगा दिसतो आणि त्याच्या खाली इनॅमलचं अस्तर असलेली पोकळी असते. ते अस्तर एक्स-रेत पांढरं उमटतं, म्हणून आत दुसरा दात असल्यासारखं वाटतं. पोकळीच्या तळाशी हे अस्तर अनेकदा पातळ किंवा तुटक असतं. ब्रशचा केस तिथे पोचत नाही. अन्नाचे कण आणि जंतू साचतात आणि बाहेर कीड न दिसताच नसेपर्यंत जातात. दात आल्यावर थोड्याच वर्षांत, मूळ पूर्ण वाढून त्याचं टोक बंद व्हायच्या आधी हे घडू शकतं. दात घासण्यात हयगय केली म्हणून हे झालं असं मुळीच नाही, मुलाला त्यावरून बोलू नका.

ओहलर्स यांनी १९५७ मध्ये केलेलं वर्गीकरण आजही वापरतात. पहिल्या प्रकारात घडी दाताच्या दिसणाऱ्या भागातच संपते. दुसऱ्यात ती मुळात उतरते, पण पिशवीसारखी आतच बंद होते. तिसऱ्यात मूळ भेदून बाजूला किंवा टोकाजवळ वेगळ्या भोकाने बाहेर पडते. या तिसऱ्या प्रकारातच सगळ्यात जास्त गफलत होते. घडीतले जंतू त्या भोकातून थेट हाडात जातात, पू होतो, पुटकुळी येते, आणि नस मात्र शाबूत असू शकते. अशा वेळी फक्त घडीची पोकळी साफ करून भरायची असते. नस काढली तर मुळाची राहिलेली वाढ थांबते.

म्हणून तपासणी नीट व्हायला हवी. पुटकुळीच्या तोंडातून गुट्टा पर्चाची (रूट कॅनाल भरायला वापरतात त्या रबरासारख्या पदार्थाची) बारीक काडी, ती सहज जाईल तिथपर्यंत सरकवून एक्स-रे काढतात. काडीचं टोक मुळाच्या टोकाशी थांबलं की बाजूला, हे त्यात दिसतं. नसेसाठी थंड स्प्रे मारलेला बोळा आधी शेजारच्या चांगल्या दाताला आणि मग या दाताला लावून तुलना करतात. मुळाचं टोक उघडं असताना विजेच्या टेस्टरवर भरवसा ठेवता येत नाही, चांगला दातही उत्तर देत नाही. साधा एक्स-रे सपाट असतो, घडी नसेला चिकटली आहे की वेगळी जाते हे त्यात कळत नाही. दुसरा किंवा तिसरा प्रकार वाटला तर त्या एवढ्याच भागाचा सीबीसीटी, म्हणजे तिन्ही बाजूंनी दाखवणारा एक्स-रे स्कॅन, करा. लहान मूल असल्याने पूर्ण जबड्याचा नको.

नस मेली असेल आणि टोक उघडं असेल तर नेहमीचं रूट कॅनाल जमत नाही, कारण भरलेला मसाला अडवायला टोकाशी आधारच नसतो. इथे दोन मार्ग आहेत. एक, आतून साफ करून, काही आठवडे कॅल्शियम हायड्रॉक्साइड हे जंतू मारणारं औषध ठेवून, मग टोकाशी ३ ते ५ मिमी एमटीएचं (दातात वापरायच्या एका सिमेंटचं) बूच बसवायचं. दुसरा, रिव्हॅस्क्युलरायझेशन: १.५ टक्के सोडियम हायपोक्लोराइट या जंतुनाशकाने सावकाश धुवायचं, औषध ठेवायचं, १ ते ४ आठवड्यांनी ते काढून टोकापलीकडून थोडं रक्त आत येऊ द्यायचं आणि त्या गुठळीवर एमटीए किंवा बायोडेंटिन या तशाच सिमेंटचं झाकण द्यायचं. जमलं तर मुळाच्या भिंती जाड होतात. पातळ भिंतींचा दात पुढे मोडायची भीती असते, म्हणून आतली घडी सोपी असेल तर मी आधी याचाच विचार करेन. पुढच्या दातात रंगाचाही प्रश्न येतो. करड्या एमटीएने दात काळवंडतो, तेव्हा कोणतं सिमेंट वापरणार हे आधीच विचारा.

बिघडतं ते बहुतेक साफसफाईत. घडीच्या आतल्या भिंती इनॅमलच्या आणि वेड्यावाकड्या असतात, साधी फाइल (रूट कॅनालची बारीक कानस) त्यांना कापत नाही आणि कोपऱ्यात घाण राहते. म्हणून मायक्रोस्कोप, अल्ट्रासॉनिक टिप (कंपनाने साफ करणारं टोक) आणि रबर डॅम (दात थुंकीपासून वेगळा ठेवणारा रबरी पडदा) वापरणाऱ्या एंडोडोंटिस्टकडे, म्हणजे रूट कॅनालच्या तज्ज्ञाकडे, जा. दुसरा धोका धुण्याचा: उघड्या टोकातून हायपोक्लोराइट जोराने बाहेर गेलं तर चेहरा सुजतो. सुई टोकाच्या अलीकडे, सैल ठेवावी लागते. नुसत्या अँटिबायोटिकने यातलं काही बरं होत नाही. ताप असेल किंवा सूज गालाकडे, डोळ्याकडे पसरत असेल तरच ते लागतं, आणि तेव्हा त्याच दिवशी दाखवा.

दात काढणं हा शेवटचा उपाय आहे, कारण या वयात इम्प्लांट बसवता येत नाही. जबड्याची वाढ पूर्ण होईपर्यंत थांबावं लागतं आणि तोवर तिथलं हाड झिजत जातं. उपचारानंतर ६, १२ आणि २४ महिन्यांनी एक्स-रे काढून हाड भरतंय का आणि मूळ वाढतंय का हे पाहायचं असतं. पुटकुळी गेली म्हणून हे टाळू नका.

आणि पलीकडच्या बाजूचा तोच दात आजच दाखवा. ही घडी पुष्कळदा दोन्हीकडे असते. तिथे खळगा असेल आणि नस चांगली असेल तर काम एका बैठकीत होतं: खळगा साफ करायचा, ३७ टक्के फॉस्फोरिक आम्ल १५ ते ३० सेकंद लावून धुवायचं, सुकवायचं, बाँडिंग (चिकटवणारा द्रव) लावायचं आणि पातळ कॉम्पोझिटने (दाताच्या रंगाच्या मसाल्याने) तोंड बंद करायचं. बहुधा भूलही लागत नाही. दर सहा महिन्यांनी त्या सीलची कड उखडली नाही ना, एवढं तपासून घ्या.