कॅन्सरची गाठ दुर्बिणीने काढली तर पोटात पसरते का? (सोलापूर)

प्रश्न थोडक्यात असा आहे: "आई ६१ वर्षांची. मोठ्या आतड्यात उजव्या बाजूला गाठ निघाली, बायोप्सीत कॅन्सर आला. सोलापुरातले सर्जन दुर्बिणीने करू म्हणतात. मामा म्हणतात, भोकं पाडून कॅन्सर काढायला गेलं की तो पोटभर पसरतो. पोट उघडूनच करा, नाहीतर सरळ पुण्याला न्या. कुणाचं ऐकू?"

मामांना आधी माझा नमस्कार सांगा. त्यांची भीती अडाणीपणाची नाही. १९९४ साली मोठमोठ्या सर्जनना नेमकी हीच धडकी भरली होती.

मी सोलापुरात पोटाची ऑपरेशनं करतो. शिकलो तेव्हा आतड्याचा कॅन्सर म्हणजे बेंबीच्या वर-खाली वीतभर चीर, हे ठरलेलं होतं. पित्ताशयाचं पहिलं दुर्बिणीचं ऑपरेशन जर्मनीत १९८५ला झालं आणि १९९१ला अमेरिकेतल्या काही सर्जननी मोठं आतडंही तसंच काढता येतं हे छापून दाखवलं. सगळे खूश. मग १९९४ला नेदरलँड्समधून एक छोटंसं टिपण आलं: दुर्बिणीने कॅन्सरचं ऑपरेशन केलेल्या १४ पेशंटपैकी तिघांना पोटावरच्या भोकांच्या जागीच कॅन्सर उगवला. चौदात तीन! ओपनच्या, म्हणजे पोट उघडून केलेल्या ऑपरेशनच्या चिरेत असं क्वचितच होतं. 'अभ्यासात नाव नोंदवलेल्या पेशंटशिवाय कुणावर हे करू नका' असा सूर लागला, आणि तो योग्यच होता.

मग अभ्यास झाले. त्यातला अमेरिकेतला २००४ साली छापून आलेला अभ्यास मी नातेवाइकांना नेहमी सांगतो. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचे ८७२ पेशंट, ४८ हॉस्पिटलं. कुणाचं दुर्बिणीने आणि कुणाचं ओपन, हे सर्जनने ठरवायचं नाही, चिठ्ठी टाकल्यासारखं ठरायचं. म्हणजे सोप्या केसेस दुर्बिणीला आणि अवघड ओपनला अशी वाटणी होत नाही. तीन वर्षांत कॅन्सर परत आला तो दुर्बिणीच्या गटात १६ टक्के आणि ओपनच्या गटात १८ टक्के लोकांना. जगले ८६ आणि ८५ टक्के. आणि मामांचा मुद्दा, म्हणजे जखमेत कॅन्सर उगवणं? दोन्ही गटांत एक टक्क्याहून कमी. युरोपातल्या मोठ्या अभ्यासांतही कोलनच्या (म्हणजे गुदाशय सोडून बाकी मोठ्या आतड्याच्या) बाबतीत चित्र फारसं वेगळं निघालं नाही.

मग त्या चौदातल्या तिघांचं काय झालं होतं? मुख्य दोष बहुधा हाताचा आणि पद्धतीचा होता. गाठच चिमट्यात धरून ओढणं, ती उघडीच भोकातून बाहेर काढणं. आता गाठीला हातच लावत नाहीत. बाजूच्या निरोगी आतड्याला धरून काम करायचं, आणि बाहेर काढताना चिरेच्या कडांना आतून प्लॅस्टिकचं अस्तर लावायचं, म्हणजे गाठ कातडीला शिवतच नाही.

त्या अमेरिकन अभ्यासात आणखी एक अट होती, जिच्याबद्दल कुणी बोलत नाही. भाग घेणाऱ्या प्रत्येक सर्जनने आधी अशी किमान २० ऑपरेशनं केलेली असली पाहिजेत, आणि एका ऑपरेशनची व्हिडिओ टेप तपासायला दिली पाहिजे. म्हणजे 'दुर्बीण ओपनइतकीच चांगली' हा निकाल सरावलेल्या हातांचा आहे. इंग्लंडच्या अभ्यासात (७९४ पेशंट, १९९६ ते २००२) तर हे उघडच दिसतं: पहिल्या वर्षी दुर्बिणीने सुरू केलेल्या १०० पैकी ३८ जणांचं पोट शेवटी उघडावं लागलं, सहाव्या वर्षी १६ जणांचं. यंत्र तेच, हात शिकले. म्हणून सर्जनला 'मशीन कुठल्या कंपनीचं?' विचारू नका, 'आतड्याची अशी किती केलीत आणि त्यातली किती उघडावी लागली?' हे विचारा. चिडणारा सर्जन असेल तर तेही तुम्हाला कळेल.

आता प्रत्यक्ष काय करतात ते. चार-पाच भोकं, पाच ते बारा मिलिमीटरची. पोटात कार्बन डायऑक्साइड भरून ते तंबूसारखं वर उचलायचं. आतड्याला रक्त पुरवणाऱ्या नसा एका पडद्यातून येतात. तो पडदा जपानी पंख्यासारखा असतो. आतडं ही त्याची बाहेरची कड, आणि मुळाशी मुख्य रक्तवाहिन्या. कॅन्सर पसरतो तो या पंख्यातल्या लिम्फ नोडमधून (बारीक रसग्रंथींमधून), मुळाच्या दिशेने. म्हणून नुसती गाठ कापून भागत नाही. रक्तवाहिनी मुळाशी क्लिप लावून तोडायची आणि पंख्याचा तो भाग अखंड उचलायचा. ओपनमध्येही हेच करतात, काडीचा फरक नाही. उलट कॅमेऱ्याने मुळाशी मोठं आणि स्वच्छ दिसतं. शेवटी सगळं बाहेर काढायला पाच-सहा सेंटिमीटरची एक चीर लागतेच. एवढ्यासाठी सांगतो, की टाके बघून 'दुर्बीण म्हणालात आणि पोट कापलंत' असं म्हणणारे भेटतात.

गेल्या वर्षी पूर्व भागातल्या एका यंत्रमाग कामगाराचं असंच उजव्या बाजूचं केलं. मुलाने ट्रेमधलं आतडं बघितलं, फूटभर लांब, आणि म्हणाला, "एवढं एवढ्याशा चिरेतून आलं का वो?" मी म्हटलं, सोलापुरी चादर पिशवीत कोंबताना बघितलीस ना, बाहेर काढतानाही ती एका टोकाने ओढत ओढतच येते. वडील दुसऱ्या दिवशी लघवीची पिशवी हातात धरून वॉर्डात फेऱ्या मारत होते. तक्रार एकच, उजवा खांदा दुखतोय. पोटाचं ऑपरेशन आणि खांदा का दुखतो म्हणून घरचे घाबरले. पोटातल्या गॅसने छाती आणि पोट यांच्यामधला श्वासाचा पडदा ताणला की ती कळ खांद्यात जाणवते. दोन-तीन दिवसांत जाते. तुमच्या आईलाही होईल कदाचित, तेव्हा ऐनवेळी घाबरू नका.

फायदा किती, हे मात्र फुगवून सांगणार नाही. त्या अमेरिकन अभ्यासात हॉस्पिटलचा मुक्काम दुर्बिणीत पाच दिवस, ओपनमध्ये सहा. टोचायची दुखण्याची कडक औषधं तीन दिवस, ओपनला चार. ऑपरेशनला वेळ मात्र जास्त, १५० मिनिटं विरुद्ध ९५. माझ्या मते खरा फायदा आकड्यांत नीट येत नाही: छोटी जखम, कमी दुखणं, म्हणून माणूस खोकतो, उठतो, चालतो. साठीच्या बाईला हे फार महत्त्वाचं.

आणि निम्मं श्रेय दुर्बिणीचं नाहीच. 'गॅस सुटेपर्यंत तोंडाला पाणी नाही' हा आपल्याकडचा जुना नियम गेला, त्याचं आहे. डेन्मार्कच्या हेन्रिक केहलेट यांनी १९९०च्या दशकात दाखवलं की लवकर पाणी, लवकर जेवण, लवकर चालणं याने पेशंट लवकर सुधारतो. नेदरलँड्समध्ये ४०० पेशंटवर दोन्ही गोष्टी एकत्र तपासल्या; दुर्बीण आणि ही पद्धत दोन्ही जोडीने वापरलेले सगळ्यात लवकर घरी गेले. तेव्हा संध्याकाळी सिस्टरने घोटभर पाणी दिलं तर 'आतडं कापलंय आणि पाणी काय देता' म्हणून भांडू नका. कडक भाकरी आणि शेंगाचटणी मात्र डॉक्टर म्हणतील तेव्हाच.

'कन्व्हर्ट' हा शब्दही ऐकून ठेवा. दुर्बिणीने सुरू करून पोट उघडावं लागणं. गाठ ड्युओडिनमला (लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाला) चिकटलेली असेल, आधीच्या ऑपरेशनचे चिकटे असतील, रक्तस्राव झाला, तर उघडायलाच हवं. माझ्या एका पेशंटच्या जावयाने यावरून 'तुम्हाला जमलं नाही, अर्धे पैसे परत द्या' म्हणून काउंटरवर गोंधळ घातला होता. त्याच पेशंटला मी हट्टाने दुर्बिणीने ओढत बसलो असतो तर काय झालं असतं, हे त्याला कसं सांगणार! सही करण्याआधी हे बोलून घ्या. आतडं अडकून पोट फुगलेलं असेल तर बऱ्याचदा सुरुवातच ओपनने केलेली बरी.

हे सगळं कोलनचं. गाठ गुदाशयात असती तर मी इतक्या ठामपणे लिहिलं नसतं. ओटीपोटाच्या अरुंद हाडांत काम करायचं असतं. २०१५ साली अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातल्या दोन अभ्यासांत दुर्बिणीने काढलेला तुकडा ओपनइतका नीट निघतो हे सिद्ध करता आलं नाही. त्याच वर्षी १०४४ पेशंटच्या दुसऱ्या अभ्यासात मात्र तीन वर्षांनी त्या जागी परत येण्याचं प्रमाण दोन्हीकडे पाच टक्केच होतं. आणि गुदद्वाराकडून वर जायची एक नवी पद्धत नॉर्वेने थांबवलीच, कारण कॅन्सर लवकर आणि एकाच वेळी अनेक ठिकाणी परत यायला लागला. म्हणजे मामांची भीती एकदा खरीही ठरली.

पुण्याचं म्हणाल, तर उजव्या बाजूसाठी सोलापुरात हात चांगला असेल तर जायची गरज नाही. रोबोटने ऑपरेशन करून घ्यायला तर मुळीच नाही. महात्मा फुले योजनेत बसतं का, हे योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्राला आधी विचारा. दुर्बिणीत आतडं कापून जोडायच्या स्टेपलरचा खर्च वाढतो, बिलात तोच टोचतो.

एक विचारायचं राहिलं. आईचं हिमोग्लोबिन किती आहे? उजव्या बाजूची गाठ गुपचूप रक्त गाळते. आपल्याकडे हा कॅन्सर तसा कमी, म्हणून नजर तिकडे जातच नाही. बार्शीत तर १९८७पासून खेड्यापाड्यांतल्या कॅन्सरची नोंद ठेवतात, तिथेही बायकांत गर्भाशयाच्या तोंडाचाच वर्षानुवर्षं पुढे होता. मग 'अशक्तपणा' म्हणून सलाईनच्या बाटल्या आणि लोहाच्या गोळ्यांत सहा-सहा महिने जातात. हिमोग्लोबिन फार कमी असेल तर ते आधी वर आणायला सर्जन आणि भूलतज्ज्ञ दोघांनाही सांगा.

आणि मामांना जे पाहिजे, 'सगळं निघालं का', त्याचं उत्तर चिरेच्या लांबीत मिळणार नाही. ते ऑपरेशननंतर आठवड्याभराने हातात येणाऱ्या पॅथॉलॉजीच्या रिपोर्टात असतं. दोन ओळी शोधा: कापलेल्या कडांत कॅन्सर आहे का, आणि लिम्फ नोड किती तपासले. कमीत कमी बारा असावेत. आठ-नऊच लिहिले असतील तर सर्जनला म्हणा, पॅथॉलॉजिस्टना तोच तुकडा परत बघायला सांगा. चरबीत दडलेले बारीक नोड दुसऱ्या शोधात बरेचदा सापडतात. केमो लागेल की नाही, हे मुख्यतः त्या नोडमध्ये कॅन्सर सापडतो का यावरून ठरायचं असतं.